डिझाइनच्या इतिहासाच्या वहीत एकही बाई नाही. यंदा कसं शिकवू?

रेघारेघा

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षं मी एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला डिझाइनचा इतिहास शिकवते. परवा कपाट आवरताना माझी स्वतःची विद्यार्थिदशेतली वही हाती लागली. जाड पुठ्ठ्याची, रोटरिंग पेनाने लिहिलेली, आणि प्रत्येक महत्त्वाच्या नावाखाली लाल रेघ. चाळता चाळता त्या लाल रेघा मोजल्या. एकेचाळीस. यान चिखोल्ड, हर्बर्ट बायर, पॉल रँड, म्युलर-ब्रॉकमान. आपल्याकडचे दीनानाथ दलाल, र. कृ. जोशी, कमल शेडगे. एकेचाळीस नावांत एकही बाई नाही.

आमच्या वर्गात तेव्हा निम्म्याहून जास्त मुली होत्या. कुणालाच काही खटकलं नाही, मलाही नाही. जास्त लागलं ते हे, की थोडाफार फरक सोडला तर गेली अकरा वर्षं मीसुद्धा तीच वही शिकवते आहे. मध्ये एक तास वाढवला होता, 'स्त्री डिझाइनर' नावाचा. तो येतो मार्चमध्ये, अभ्यासक्रम संपल्यावर, आणि परीक्षेला त्यावर प्रश्न नसतो. मुली उतरवून घेतात, बाकीचा वर्ग सबमिशनची कामं उरकतो.

यंदा तो तास मी काढून टाकणार आहे. जिथलं काम तिथेच नाव आलं पाहिजे, असं मला वाटतं. उदाहरणार्थ बाउहाउस. १९१९ साली वास्तुकार वाल्टर ग्रोपियसने जर्मनीतल्या वायमारमध्ये ही कला आणि डिझाइनची शाळा काढली तेव्हा स्त्री-पुरुष भेद नाही असं जाहीर केलं. मुली इतक्या आल्या की शाळाच बावरली, आणि पायाभूत वर्ग संपल्यावर बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेत पाठवलं जाऊ लागलं. आनी आल्बर्सला तिथे जायचं नव्हतं, तरी तिथेच जावं लागलं. पुढे तिने धाग्यांवर जे काम केलं त्याचं १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एकटीचं प्रदर्शन झालं. विणकामाच्या कलाकाराला तिथे मिळालेला तो पहिलाच मान. गुंटा श्टोल्झल त्या कार्यशाळेची प्रमुख झाली आणि तिच्या हाताखालचं कापड कारखान्यांत गेलं. मारियान ब्रांट मात्र धातूच्या कार्यशाळेत शिरली. १९२४ सालची तिची ती अर्धगोल, आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या पायावर उभी असलेली चहाची किटली आज प्रत्येक पुस्तकात असते.

आम्हाला बाउहाउस शिकवलं ते खुर्च्या, इमारती आणि बायरची कॅपिटल नसलेली, फक्त छोट्या लिपीतली अक्षरं एवढंच. विणकामाचं नावही निघालं नाही. 'ते टेक्स्टाइलवाल्यांचं.' ही भिंत कोणी बांधली, हा प्रश्न मला यंदा मुलांसमोर ठेवायचा आहे.

तुम्ही काय शिकलात, काय शिकवता? आणि आपल्याकडच्या कामाचं काय? छापखान्यात, जाहिरात कंपनीत किंवा घरी बसून असं काम केलेल्या कुणाची आठवण असेल तर जरूर लिहा.

---

पाटीपेन्सिल

फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. मी सातवी-आठवीत असताना वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचे. प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या वळणाचं. ती अक्षरं कमल शेडगे काढतात असं कळलं आणि मी समजले, त्या बाई आहेत. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तेव्हा घरी ठणकावून सांगितलं, की कमल शेडगेंसारखी अक्षरं काढायला मी कमर्शियलला जाणार. पहिल्या वर्षाला कळलं, की ते शेडगे सर आहेत. त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी झाला नाही. पण अक्षरं काढणारी बाई असते, या समजुतीच्या जोरावर मी तिथवर पोचले होते, हेही तितकंच खरं.

म्हणून मला वाटतं, वहीत नाव असण्याने फरक पडतो.

---

सरळरेषा

विषय चांगला आहे, पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. इतिहासात काम बघावं, काम करणारा बाई आहे की पुरुष हे बघू नये. उद्या केवळ संख्या जुळवायला दुय्यम काम वर आणलं, तर विद्यार्थ्यांची नजरच बिघडेल. एकेचाळीस नावं आहेत ती कामाच्या दर्जावर आली असतील ना?

---

टेम्सकाठ

@सरळरेषा, दर्जाबद्दल बोलताय म्हणून रोजच्या बघण्यातलं एक काम सांगते. मी इंग्लंडमध्ये राहते. मुलीला शाळेत सोडताना वाटेत लाल त्रिकोणाची पाटी लागते: काळ्या रंगात दोन मुलं, हात धरून चाललेली. पूर्वीच्या पाटीत टोपी घातलेला, दप्तर घेतलेला मुलगा पुढे आणि मुलगी त्याच्या मागे असे. नवीन पाटीत थोडी मोठी मुलगी पुढे आहे आणि लहान मुलाला हात धरून नेते आहे. ही पाटी मार्गारेट कॅल्व्हर्टची. त्यातली मुलगी तिने स्वतःच्या लहानपणीच्या फोटोवरून काढली.

जॉक किनियर चेल्सीच्या कला शाळेत तिचे शिक्षक होते. १९५७ पासून दोघांनी मिळून आधी मोटर-वे आणि मग देशभरच्या सगळ्या रस्त्यांच्या पाट्या नव्याने केल्या. १९६५ पासून त्या लागू झाल्या. अक्षरंही त्यांचीच. भरधाव गाडीतून, पावसात, रात्री दिव्याच्या झोतात गावाचं नाव एका नजरेत वाचता आलं पाहिजे, म्हणून सगळा शब्द कॅपिटलमध्ये लिहिण्याऐवजी त्यांनी पहिलं अक्षर कॅपिटल आणि पुढे छोटी लिपी (स्मॉल लेटर्स) घेतली, कारण तिच्यात शब्दाचा आकार डोळ्याला ओळखू येतो. त्यावरून केवढा वाद झाला होता. आज साठेक वर्षं झाली, पाट्या त्याच आहेत.

यापेक्षा मोठी कसोटी कुठली? तरी कित्येक वर्षं लोक 'किनियरच्या पाट्या' असंच म्हणत.

---

जुळारी

मी सत्तरी ओलांडलेला माणूस. छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि कॉम्प्युटरवर निवृत्त झालो. डिझाइनचं शिक्षण नाही, पण टाइपचा इतिहास आवडीने वाचतो. बीट्रिस वॉर्डबाईंचं नाव या धाग्यावर अजून कसं आलं नाही?

त्या अमेरिकेतल्या एका मोठ्या टाइप फाउंड्रीच्या, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याच्या ग्रंथालयात कामाला होत्या. तिथल्या ग्रंथपालांनी एकदा बोलून दाखवलं, की सोळाव्या शतकातला फ्रेंच अक्षरकार गारामाँ, त्याच्या नावाने जी अक्षरं सगळीकडे चालली आहेत ती त्याच्या काळातली वाटत नाहीत. बाईंनी ते मनात धरलं. युरोपात आल्यावर जुने नमुने तपासत गेल्या आणि पॅरिसच्या एका ग्रंथालयात झाँ झानाँ नावाच्या कारागिराचं नमुनापत्रक मिळालं. अक्षरं त्याची होती, गारामाँनंतरच्या शतकातली! १९२६ साली हा लेख छापून आला, पण नाव होतं पॉल बोजाँ. पुरुषाचं टोपणनाव, कारण बाईचं म्हणणं त्या धंद्यात कोण ऐकणार. खिळे जुळवायची यंत्रं करणाऱ्या इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीने त्या बोजाँसाहेबांना आपल्या नियतकालिकाचं संपादकपद देऊ केलं आणि समोर येऊन उभ्या राहिल्या त्या वॉर्डबाई.

चांगली छपाई स्वच्छ काचेच्या पेल्यासारखी असावी, आतली वारुणी दिसावी, पेला नव्हे, हा त्यांचा १९३० सालच्या व्याख्यानातला दृष्टांत आजही टाइपच्या प्रत्येक वर्गात सांगतात. सांगणाऱ्यांपैकी किती जण बाईंचं नाव घेतात ते रेघारेघाताईंनी सांगावं.

दुसरं. त्याच मोनोटाइपचा कारखाना सरे परगण्यात सॅलफर्ड्स इथे होता. तिथे ड्रॉइंग ऑफिस होतं. डिझाइनरने दिलेलं अक्षर तिथे सुमारे दहा इंच उंचीचं काढायचे, बाह्यरेषा पेन्सिलीने अचूक, प्रत्येक जोडाची मापं घेऊन. त्यावरून पुढे साचा आणि मग पंच. त्या टेबलांवर बहुतेक मुली होत्या. चांगल्या डिझाइनरचं रेखाटन कधी अर्धवटच असे. वक्र कुठे वळवायचा, जाडी कुठे उतरवायची, याचा निर्णय दहा इंचावर बसलेल्या मुलीच्या हातात. फाँटवर नाव डिझाइनरचं आणि कंपनीचं. मी स्वतः खिळे हाताळलेत म्हणून सांगतो, अक्षर कागदावर सुंदर दिसणं वेगळं आणि शिशात उतरून ओळीत नीट बसणं वेगळं. दुसरं काम पहिल्यापेक्षा हलकं नाही.

---

रेघारेघा

@जुळारीकाका, दंडवत. आणि कबूल करते, काचेचा पेला मी अकरा वर्षं सांगते आहे. वॉर्ड एवढंच म्हणते आणि पुढे जाते. मुलं तो पुरुषच समजत असणार.

@सरळरेषा, तुमची शंका वर्गात दरवर्षी कुणीतरी काढतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार्था स्कॉटफर्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९१ साली डिझाइन इतिहासाची चालू पुस्तकं समोर घेऊन मोजणी केली. कुणाची चित्रं किती वेळा, किती मोठी, रंगीत की काळी-पांढरी. सगळ्या पुस्तकांनी मिळून मोठे ठरवलेले जे मोजके निघाले, ते सगळे पुरुष. त्यावर त्यांनी १९९४ मध्ये मांडणी केली ती मला फार पटते. एक असतो नीटनेटका इतिहास: एक माणूस, एक स्टुडिओ, एक प्रसिद्ध काम, खाली सही. दुसरा पसाऱ्याचा इतिहास: चार हातांनी मिळून केलेलं, कधी घरून केलेलं, मध्ये दहा वर्षं खंड पडलेलं, सही नसलेलं काम. बायकांचं काम बहुतांशी या दुसऱ्या प्रकारात पडतं. नीटनेटक्या इतिहासाची चाळणी लावली की ते खाली गळून जातं, आणि आपण म्हणतो दर्जा नव्हता.

सही कशी जाते याचं एक उदाहरण. बाउहाउस पुढे डेसाऊ शहरात गेलं. तिथल्या इमारतीचे जे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत, ते लुसिया मोहोलीने काढलेले. १९३३ साली तिला बर्लिन घाईघाईने सोडावं लागलं, काचेच्या निगेटिव्हा मागे राहिल्या. त्या ग्रोपियसकडे पोचल्या, तो त्या अमेरिकेला घेऊन गेला, आणि वर्षानुवर्षं पुस्तकांत आणि प्रदर्शनांत ते फोटो तिच्या नावाशिवाय छापले गेले. इकडे ती परागंदा, कामाचा पुरावा दाखवायला हातात काही नाही. निगेटिव्हा आहेत हे तिला पन्नाशीच्या दशकात कळलं. वकिलामार्फत भांडून काही परत मिळवल्या. यात दर्जाचा प्रश्न कुठे येतो?

---

सरळरेषा

लुसिया मोहोलीबद्दल माहीत नव्हतं. ते फोटो माझ्या डिप्लोमाच्या प्रबंधात मी वापरले होते, खाली फक्त 'बाउहाउस, डेसाऊ' असं लिहून. माझं वाक्य मागे घेतो. तरी एक राहतंच: ज्या कामाला सही नाही ते वर्गात शिकवायचं कसं? परीक्षेत काय विचारणार?

---

ओलीशाई

@सरळरेषा, प्रक्रिया विचारायची. 'हे कोणी केलं' याऐवजी 'हे कसकसं झालं, कोणाकोणाच्या हातून गेलं' असं विचारलं की उत्तरात माणसं आपोआप येतात.

मी फाँटच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतीय लिप्यांबद्दल थोडं. फियोना रॉस यांचं नाव आपल्याकडे घराघरांत माहीत असायला हवं होतं. १९७८ मध्ये त्या इंग्लंडमध्ये मोनोटाइपसारख्याच लायनोटाइप कंपनीत आल्या आणि रोमनेतर लिप्यांच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखालचा चमू मुख्यतः तरुण मुलींचा होता. १९८२ साली कोलकात्याच्या आनंदबाजार पत्रिकेसाठी बंगाली अक्षरं झाली ती अक्षरकार टिम हॉलोवे आणि या चमूची. पूर्वी यंत्राच्या मर्यादेपायी जोडाक्षरं मोडून-तोडून बसवावी लागत. यांनी उलट सुरुवात केली: लिपीला काय हवं ते आधी, मग यंत्राला ते करायला लावायचं. देवनागरीतही त्यांनी पुढे मोठं काम केलं. 'अडोबी देवनागरी' हा फाँट हॉलोवे, जॉन हडसन आणि त्यांचा. त्याच रॉसबाईंनी नंतर रेडिंग विद्यापीठात २०१८ पासून एक संशोधन प्रकल्प चालवला, मोनोटाइप आणि लायनोटाइपच्या ड्रॉइंग ऑफिसांत काम केलेल्या बायकांची माहिती शोधण्यासाठी. जुळारीकाका म्हणतात त्याच टेबलांवरच्या मुली. जुने फोटो, पगारपत्रकं, कंपनीची अंतर्गत मासिकं चाळून त्यांची नावं गोळा केली. म्हणजे हे शोधता येतं, शोधायला बसलं तर.

आणि आजचं आपलं: मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांत नूपुर दात्ये आहेत. 'मोदक' हा फाँट तुम्ही गणपतीच्या पत्रिकेवर नक्की पाहिला असेल, तो सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा. त्यात अक्षर इतकं जाड आहे की आतली पोकळी केसाएवढी उरते, आणि तरीही 'भ' आणि 'म' वेगळे वाचता येतात. माझ्याकडे येणाऱ्या इंटर्न मुलांना मी तो मोठा करून दाखवते आणि सांगते, या केसाएवढ्या फटीची जाडी ठरवून दाखव.

---

रेघारेघा

'कोणाकोणाच्या हातून गेलं', हे मी वहीत लिहून घेतलंय.

---

निळीपेन्सिल

मी डिझाइनर नाही, बँकेत आहे. पण 'आठवण असेल तर लिहा' वाचून राहवलं नाही. माझी आई १९८० च्या दशकात पुण्यात एका छापखान्यात पेस्टिंग करायची. कुठला ते लिहीत नाही.

दिवाळी अंकांचा मोसम असला की काम घरी यायचं. कागदाच्या लांबलचक चकचकीत पट्ट्या, ब्रोमाइड म्हणायचे, त्यावर मजकूर छापलेला. खाली दिवा लावलेली काच, त्यावर जाड कार्ड, कार्डावर फिक्या निळ्या पेन्सिलीने आखणी, कारण तो निळा कॅमेऱ्यात येत नाही. आई पट्टी कापायची, मागे रबर सोल्युशन लावायची आणि आखणीवर बसवायची. ओळ एक केसही तिरकी झाली तर शिरोरेघेवर लगेच कळतं, असं म्हणायची. इंग्रजीला खपून जातं, मराठीला नाही.

सर्वांत अवघड काम दुरुस्तीचं. प्रूफात अनुस्वार राहिलेला निघाला की एका टिंबासाठी नवीन ब्रोमाइड कोण काढणार? मग आई जुन्या कपट्यांतून टिंब शोधायची, ब्लेडच्या टोकाने तेवढंच कापायची, श्वास रोखून उचलायची आणि अक्षराच्या डोक्यावर ठेवायची. वेलांटी, रफार, सगळं तसंच. तिच्याकडे काडेपेटीच्या खोक्यात नुसते अनुस्वार होते. आम्ही पोरांनी शिंकायचं सुद्धा नाही, अशी ताकीद होती.

चार जणी होत्या. पानामागे पैसे मिळायचे. एका वर्षी एका अंकाला छपाईचं बक्षीस मिळालं, छापखान्यात पेढे वाटले, मालकांचा आणि मुखपृष्ठ करणाऱ्यांचा सत्कार झाला. या चौघींना पेढा टेबलावर आणून दिला, एवढंच. आई हे सांगते तेव्हा तक्रार म्हणून सांगत नाही, पण सांगते मात्र दरवेळी.

---

जुळारी

निळीपेन्सिल, डोळ्यांत पाणी आणलंत. आमच्याकडे पण अशा दोघी होत्या. काडेपेटीतले अनुस्वार! अगदी असंच. मी त्यांच्या हातात प्रूफं देत होतो आणि आज त्यातल्या एकीचंच नाव आठवतंय. दुसरीचं आठवायला पाहिजे.

---

टेम्सकाठ

पेढ्याची गोष्ट वाचून कॅरोलिन डेव्हिडसन आठवली. १९७१ साली पोर्टलंडमध्ये विद्यार्थिनी असताना तिने नायकीचं ते पंखासारखं चिन्ह केलं, पस्तीस डॉलरात. कंपनीने पुढे १९८३ मध्ये तिला बोलावून शेअर आणि अंगठी दिली. तिचं नाव निदान राहिलं.

---

पाटीपेन्सिल

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल एक भर. शीला द ब्रेटव्हिल यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात फक्त बायकांसाठी डिझाइनचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १९७३ मध्ये लॉस एंजेलिसला वुमन्स बिल्डिंग उभी केली, जुडी शिकागो आणि आर्लीन रेव्हनबरोबर, आणि तिथे छपाईची यंत्रं बायकांना स्वतः चालवायला दिली. त्यांचं म्हणणं, वरून एक ठाम संदेश फेकण्यापेक्षा अनेकांचे आवाज दिसतील अशी मांडणी करावी. १९९० साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ग्राफिक डिझाइनच्या प्रमुख झाल्या, आणि नवीन दिशा न पटून तिथे शिकवणारे खुद्द पॉल रँड बाहेर पडले. आमच्या वहीत रँड आहेत, रेघ मारलेले. हा भाग नाही. दोन्ही एकाच तासाला शिकवले तर मुलांना कळेल, की डिझाइन कशासाठी करायचं यावरच भांडण होतं.

आणि आपल्याकडे एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था. तिच्या स्थापनेमागचा १९५८ चा तो अहवाल, ज्यात लोट्याचं एवढं सुंदर वर्णन आहे, त्यावर चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर नवरा-बायकोची दोन नावं आहेत. माझ्या वर्गात 'ईम्सचा अहवाल' म्हणायचे आणि फोटो एकट्या चार्ल्सचा. रे ईम्स मूळच्या चित्रकार, चाळिशीच्या दशकात मासिकांची मुखपृष्ठं करणाऱ्या. १९६१ मध्ये संस्था अहमदाबादला उभी राहिली ती गौतम आणि गिरा साराभाई या भावंडांमुळे. गिराबेननी स्वतः कधी पुढेपुढे केलं नाही, पण काय शिकवायचं आणि कोणाला बोलवायचं यात त्यांचा हात होता. तिथेच शिकलेल्या सुजाता केशवन यांनी १९८९ मध्ये बंगळुरात स्वतःची डिझाइन संस्था काढली. गिराबेनपासून केशवनपर्यंत ही रेघ जोडून दाखवा.

---

रेघारेघा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल विभागाची बैठक झाली. मार्चचा तास गेला. बाउहाउसच्या तासाला विणकाम आणि लुसिया मोहोली, टाइपच्या तासाला वॉर्डबाई आणि ड्रॉइंग ऑफिस, पाट्यांच्या तासाला कॅल्व्हर्ट, देवनागरीला रॉस, दात्ये, शिंगरे. एका सहकाऱ्याने 'एवढं बसणार कसं' विचारलं, तर मी जुन्या यादीतली सहा नावं कमी केली. जड गेलं. ती नावं माझ्या सरांनी मला मोठ्या प्रेमाने शिकवली होती.

पहिल्या सत्राचं सबमिशनही बदललं. प्रत्येकाने १९९५ पूर्वीची घरातली कुठलीही एक मराठी छापील वस्तू आणायची: लग्नपत्रिका, दिवाळी अंक, औषधाचं खोकं. ती कोणाकोणाच्या हातून गेली ते शोधायचं, शक्य तर त्या माणसाशी बोलायचं, आणि प्रत्येक टप्प्यावर नाव लिहायचं. नाव मिळालं नाही तर ती जागा मोकळी ठेवायची, पण टप्पा गाळायचा नाही. याला लेखी परीक्षेइतकेच गुण.

@निळीपेन्सिल, आई वर्गात येतील का? ब्लेड आणि काडेपेटी घेऊन?

---

निळीपेन्सिल

विचारलं. आधी 'मी काय बोलणार कॉलेजात' म्हणाली. मग म्हणाली, आता हात थरथरतो, पण दाखवीन.

काल रात्री माळ्यावरून जुने अंक काढले. त्या बक्षीस मिळालेल्या अंकाचीही एक प्रत निघाली, कडा वाळवीने खाल्लेली. आईने चष्मा लावून पानं उलटली. श्रेयनामावली बघितलीच नाही, थेट आत गेली. मध्ये एका कवितेच्या पानावर थांबली. मला काही दिसेना. तिने बोट ठेवलं तिथे 'संध्याकाळ' शब्द होता आणि 'स'वरचा अनुस्वार बाकीच्यांपेक्षा किंचित डावीकडे होता. म्हणाली, "हे पान माझं. शिंकला होतास तू."

बाकी तिघींची नावं मी तिला विचारून लिहून घेतली आहेत. ताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.